फोटो मिळाला, काळजी नसावी

आमच्या स्टुडिओत सगळ्यात अवघड प्रश्न कोणता, तर "नाव काय टाकू?" हसा म्हटलं की माणसं हसायची, हनुवटी वर म्हटलं की वर करायची. पण वेल्ह्याच्या डोंगरातून आलेली एखादी बाई नवऱ्याचा जुना फोटो कॉम्प्युटरात घालायला द्यायची, आणि मी हा प्रश्न विचारला की तिच्या तोंडाला कुलूप लागायचं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत ती सोबतच्या बाईकडे बघायची आणि शेवटी म्हणायची, "मालक लिवा."

मला तेव्हा हसू यायचं. मी शिवऱ्याची, हायवेच्या कडेला वाढलेली, बी.कॉम. झालेली. स्वतःला फार शहाणी समजायचे. खरं म्हणजे मीही आमच्या ह्यांचं नाव लग्नातल्या उखाण्यानंतर कधी तोंडाने घेतलेलं नव्हतं. बँकेच्या कागदावर लिहायचे, बोलायचे नाही. घरोघरी मातीच्या चुली. आत्ता लिहितानाही हाताला 'हे' असंच येतंय, आणि ते बदलावं असं मला वाटत नाही.

तर ह्यांचा हा फोटो स्टुडिओ भोरच्या बाजारपेठेत होता. माझं लग्न झालं तेव्हा तिथे लाल दिव्याची अंधारी खोली होती, मागच्या भिंतीवर निळ्या डोंगरांचा पडदा होता, आणि पासपोर्ट, बारसं, लग्न, दहावीचा फॉर्म यांवर आमचं बरं चाललं होतं. शेजारी काच आणि फ्रेमचं दुकान होतं एका चाचांचं. ह्यांनी फोटो काढायचा आणि चाचांनी त्याला काच लावायची, असा दोघांचा जन्माचा करार होता. दोघं दुपारचा चहाही एकाच किटलीतला प्यायचे आणि साखरेवरून रोज भांडायचे.

दोन हजार साल उलटलं आणि ह्यांना कॉम्प्युटरचं वेड लागलं. एसटीने पुण्याला जाऊन क्लास केला. एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं, त्याची पानं हळदीच्या बोटांनी मीच पिवळी केली असा आरोप ते शेवटपर्यंत करायचे. त्यांच्या डोक्यात एक गोष्ट बसली होती. भोर-वेल्ह्यातल्या प्रत्येक घरातलं कुणीतरी पुण्या-मुंबईला. नातवाचं जावळ तिकडे निघतं, आजी इकडे. तिकडच्याने सायबर कॅफेत बसून आपल्या साइटवर फोटो टाकावा, आपण इथे छापून ठेवावा, आजीने बाजारच्या दिवशी येऊन घेऊन जावा. आणि इकडच्या घरातले जुने फोटो आपण वर चढवावेत, म्हणजे तिकडच्या लेकाला हवे तेव्हा दिसतील.

मी म्हटलं, "पोस्टमन काय वाईट आहे?"

"पोस्टमनच्या पिशवीत फोटो दुमडतो," ते म्हणाले.

वर चढवणं म्हणजे नक्की काय, ते मला त्यांनी भाकऱ्या थापताना समजावलं होतं. ते ओट्यापाशी स्टूल टाकून बसायचे आणि मी ऐको न ऐको, बोलत राहायचे. "हे बघ, कुणी फोटो पाठवला की तो थेट घरात येत नाही. आधी ओटीवर बसतो, तात्पुरता. आपल्या प्रोग्रॅमने त्याला विचारायचं, तू खरंच फोटो आहेस का, फार लठ्ठ तर नाहीस ना. मग हाताला धरून आत न्यायचं आणि त्याच्या नावाच्या पाटावर बसवायचं. आत न्यायला विसरलो, तर पान संपलं की तो ओटीवरून पुसला जातो. आला होता हेसुद्धा कुणाला कळत नाही."

"आणि एकाच नावाचे दोघं आले तर?" मी सहज विचारलं होतं.

"तर नंतरचा त्याच पाटावर बसतो."

"आणि पहिला?"

"पहिला गेला. सर्व्हर काही बोलत नाही. त्याला वाटतं, तुम्हीच सांगितलं ना बसव म्हणून." मग हसून म्हणाले, "म्हणून मी आधी डोकावून बघतो, पाट रिकामा आहे का. तू भाकरी बघ, करपतेय."

तेव्हा भाकरी खरोखर करपत होती, म्हणून तो विषय तिथेच राहिला.

साइट सुरू झाली आणि लोकांनी ह्यांची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. एकाने फोटो म्हणून लग्नाच्या पत्रिकेची फाईल पाठवली. एकाने एवढा मोठा फोटो चढवला की तो अर्ध्यात अडकला आणि त्या भल्या माणसाने तोच अकरा वेळा पुन्हा पाठवला. मराठीत नाव दिलेल्या फोटोंची तिकडे नुसती प्रश्नचिन्हं व्हायची. मग ह्यांनी पानावर एक चौकट काढली. तिथे इंग्रजी अक्षरांत फोटोचं नाव लिहायचं. ती रिकामी ठेवली तर फोटो पुढे सरकायचाच नाही. आणि फोटो नीट आत पोचला की पडद्यावर एक ओळ यायची, इंग्रजी अक्षरांत पण मराठीत, 'फोटो मिळाला. काळजी नसावी.' जुन्या पत्रांत लिहितात तसं. त्या ओळीवर ते फार खूश होते. शेजारच्या चाचांना मुद्दाम बोलावून दाखवली. चाचा म्हणाले, "वरती 'सप्रेम नमस्कार' राहिलं."

जिच्यामुळे हे सगळं लिहितेय ती बाई आली त्याच दिवसांत. चौकट नवी होती आणि नवऱ्याचा फोटो घेऊन आलेली पहिली बाई तीच. वेल्ह्याच्या पलीकडे डोंगरात तिची वाडी. एसटीने नसरापूरला, तिथून कापूरहोळला, आणि गाडी बदलून भोरला असा फेरा घालून आली होती. कडेवर चार वर्षांची मुलगी, झोपलेली. नवरा हायवेवरच्या एका कारखान्यात कामाला होता, तिथेच छातीत कळ येऊन गेला होता. लग्नात डोंगरात फोटो कुठले निघायला. मतदानाच्या कार्डाचे फोटो काढायला माणसं वाडीत आली, त्या दिवशी तो पाळीवर. राहिला होता तो एकच, एसटीच्या पासावरचा, नखाएवढ्या चेहऱ्याचा. डाव्या खांद्यावर एसटीचा गोल शिक्का अर्धा उमटलेला.

ह्यांनी तो भिंगातून बघितला आणि म्हणाले, "मावशी, मोठा छान होईल. हा शिक्का मी पुसून देतो."

"नगं," ती घाईने म्हणाली. "ऱ्हाऊ द्या. ते त्यांच्या रोजच्या जान्यायेन्याचं हाय."

मी कॉम्प्युटरवर होते. चौकटीत कर्सर लुकलुकत होता. "नाव काय टाकू?" मी विचारलं.

ती मुलीकडे बघायला लागली. मुलगी गाढ झोपेत होती, नाहीतर बायका अशा वेळी पोरांना पुढे करतात, सांग गं बाबांचं नाव. ह्यांनी मला डोळ्यांनी दटावलं. मी तरी पुन्हा विचारलं, मला दोन्ही वेळा हसू दाबावं लागलं.

"मालक लिवा," ती म्हणाली.

मी लिहिलं, malak. बटण दाबलं. फोटो मिळाला, काळजी नसावी. ह्यांनी तो मोठा छापला, चाचांनी काच लावली, आणि जाताना ह्यांनी तिला सांगितलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. "मावशी, पावसापाण्याने हा खराब झाला तरी घाबरू नका. तुमचे मालक आता कॉम्प्युटरात आहेत. कधीही या, पुन्हा काढून देईन."

त्यानंतर मालकांची रीघ लागली. धनी आले, कारभारी आले, 'पोरांचे बा' आले. एका म्हातारीने "आमचं येडं" लिहायला सांगितलं आणि आम्ही तेच लिहिलं. हे प्रत्येक वेळी आधी फोल्डर उघडून बघायचे आणि पुढे आकडा लावायचे, मालक दोन, मालक तीन. बाजारपेठेत ही गंमत पसरली आणि चाचांपासून समोरच्या चहावाल्यापर्यंत सगळे ह्यांनाच 'मालक' म्हणायला लागले. एका उन्हाळ्यात वळवाच्या विजेने स्टुडिओतला कॉम्प्युटर जळाला, आतलं सगळं गेलं. मी रडकुंडीला आले. हे मात्र शांत. म्हणाले, "फोटो सगळे वर आहेत. इथे पत्र्याचा डबा जळाला, बस."

पुढे एका संध्याकाळी कापूरहोळच्या फाट्यावर स्कूटरवरून रस्ता ओलांडताना त्यांना ट्रकने उडवलं. याच्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

जे आठवतं ते तुकड्यातुकड्याने आठवतं. घरात बायका बसल्या होत्या. कापूरहोळला श्रद्धांजलीचा फ्लेक्स छापायचा होता आणि फ्लेक्सवाल्याला फोटो हवा होता. फोटो काढणाऱ्याचे स्वतःचे फोटो कुठे असतात? नवीन डिजिटल कॅमेरा आणला त्या दिवशी टायमर लावून त्यांनी स्वतःचा एक काढला होता, निळ्या डोंगरांच्या पडद्यापुढे, टायमर कधी वाजतो या विचारात थोडं हसू आलेलं. तोच चाचांनी शोधून काढला. फ्लेक्सवाल्याला आम्ही फोटो नेहमी साइटवरूनच द्यायचो. चाचांना ते बघून बघून येत होतं. ते स्टुडिओतून धावत घरी आले, दारातच थांबले. डोळे सुजलेले.

"वहिनी," ते म्हणाले, "नाव मागतंय."

मला कळलंच नाही काय विचारतात.

"कॉम्प्युटर नाव मागतंय. काय टाकू?"

इतक्या बायकांमध्ये, त्या दिवशी, माझ्या तोंडून त्यांचं नाव निघालं नाही. मी म्हटलं, "मालक टाका."

चाचा गेले. पाट रिकामा आहे का हे डोकावून बघायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. ते बघणं प्रोग्रॅममध्ये नव्हतं, ह्यांच्या डोळ्यांत होतं. पडद्यावर काय आलं असेल ते मला बघायला नको, मला पाठ आहे.

स्टुडिओ मी बंद केला नाही. दीर म्हणाले, गाळा भाड्याने देऊ. मी म्हटलं, तुम्ही उंटावरून शेळ्या हाकू नका. पासपोर्टचे फोटो काढायला शिकले, ते जाड पुस्तक उघडलं, हळदीच्या बोटांची पानं खरोखर माझीच होती. साइट अडखळत चालवत राहिले. ह्यांचा तो फोटो मोठा करून चाचांनी फ्रेम केला आणि आम्ही तो काउंटरच्या मागे लावला.

बऱ्याच वर्षांनी ती पासावरच्या फोटोची बाई आली. मी लगेच ओळखलं. केस पांढरे झाले होते. आत आली, भिंतीवरचा हार घातलेला फोटो बघितला आणि उभ्या जागी खाली बसली. "आगं बया. आमाला डोंगरात कायबी कळलं न्हाई वैनी. लई गुणाचा मानूस." बराच वेळ ती ह्यांच्यासाठी रडली, आणि तिचं बघून मीही. मग डोळे पुसून तिने कामाचं काढलं.

मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलगी म्हणत होती, बाबांच्या पाया पडल्याशिवाय मी बोहल्यावर उभी राहणार नाही. चौरंगावर फोटो ठेवायचा, हार घालायचा, एवढंच मागणं. पण मोठा फोटो भिंतीच्या ओलीने गेला होता. त्यांच्याकडचा पाऊस म्हणजे घरातसुद्धा पाऊसच, शाई काचेच्या आत ओघळून चेहऱ्याचा नुसता डाग झाला होता. मग तिने पासावरचा छोटा फोटो देव्हाऱ्यात ठेवला होता आणि रोज पुसून त्याला गंध लावला होता.

"पोरीला त्येंचं त्वांड आठवत न्हाई," ती म्हणाली. "येवढंच आठवतंय, खांद्याव बसवून एसटीपातूर न्यायचे. ती म्हनती, आई, एकदा त्वांड बगू दे. आन् म्या म्हनलं, त्यात काय, मालक भोरला हायती. मालक म्हनले व्हते, कवाबी या."

त्यातला कुठला मालक कोण, हे आम्हा दोघींनाही नीट कळत होतं.

"आहेत ना मावशी," मी म्हटलं. मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही. ह्यांनी दिलेला शब्द पाळायला मी होते. तिचा मालक पहिला, आकडा नसलेला, हे मला पक्कं आठवत होतं. तिला खुर्ची दिली, पडदा तिच्याकडे वळवला आणि फाईल उघडली.

आमच्याकडे तेव्हाही इंटरनेट इतकं मंद होतं की फोटो वरून खाली, पट्टीपट्टीने उतरायचा. आधी निळं आलं. मग निळ्यातली डोंगराची कड आली.

मला कळलं. तिला अजून कळलं नव्हतं. ती पुढे वाकून वाट बघत होती. केस आले, कपाळ आलं, मग भुवया, आणि तिने मान हलवली. "आमच्यांचं कपाळ येवढं रुंद न्हाई." पट्टी खाली सरकली. डोळे आले, टायमरची वाट बघणारे. तिने पडद्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या फोटोकडे, पुन्हा पडद्याकडे.

"वैनी, हे तर तुमचे."

मी मालक दोन उघडला, मालक तीन, धनी, कारभारी, सगळे उघडले. प्रत्येक वेळी एक परका पुरुष हळूहळू खाली उतरायचा आणि ती "न्हाई" म्हणायची, नंतर नंतर नुसती मान हलवायची. शेवटी तिने विचारलं, "मंग आमचे कुठं गेले?"

मी तिला ओटीचं आणि पाटाचं सांगितलं. दुसरं कसं सांगणार होते? एका नावाचे दोघं झाले मावशी, नंतर आला तो राहिला. चाचा नाव विचारायला आले होते, तेही सांगितलं. ती ऐकत होती. तिला राग येईल असं मला वाटलं, यावा असंही वाटलं.

ती म्हणाली, "तुमीबी नाव घेतलं न्हाई व्हय?"

मी नाही म्हटलं. तिने माझा हात हातात घेतला आणि तशीच बसून राहिली. मग एसटीची वेळ झाली. "आपली साइट ज्या कंपनीच्या सर्व्हरवर आहे तिला लिहून बघते, ते जुनी प्रत ठेवतात," असं मी तिला म्हटलं, आणि तो जुना पास जसा असेल तसा पुढच्या बाजारला घेऊन यायला सांगितलं.

कंपनीला लिहिलं. उत्तर फार सभ्य इंग्रजीत आलं. जुन्या प्रती ते थोडेच दिवस ठेवतात, मग त्यांच्यावरही नव्या बसतात. म्हणजे तिथेही पाटच.

दुसऱ्या दिवशी दुपारी शटर अर्धं ओढून मी ह्यांचा प्रोग्रॅम पहिल्यांदा सबंध वाचला. तोवर मी त्याला हात लावत नव्हते, चालतंय ना, चालू दे. फोटो ओटीवरून आत न्यायची ओळ मला सापडली. तिच्या वर त्यांनी स्वतःसाठी इंग्रजी अक्षरांत मराठी टीप लिहून ठेवली होती. 'तेच नाव आले तर? नंतर बघू.'

माझी चिडचिड झाली. मेलेल्या माणसावर चिडलं तर कुणाला सांगायचं, म्हणून मी त्या रिकाम्या स्टुडिओत मोठ्याने म्हटलं, "काय नंतर बघू? आता बघा ना." भांड्यांना कल्हई, न्हाणीघराचा नळ, माझ्या माहेरचं जाणं, सगळं नंतर बघू. भाकरी करपतेय म्हणून विषय बदलणारा माणूस. आवाज ऐकून चाचा आले. मी त्यांना सगळं सांगितलं, तर ते म्हणायला लागले, माझ्या हातून झालं. मी त्यांच्यावरही ओरडले. कुणाच्याच हातून काही झालं नव्हतं. कुणाचं तरी काहीतरी चुकलेलं असतं तर मला बरं वाटलं असतं. चाचांनी चहा मागवला, साखर कमी आहे असं कुणीच म्हटलं नाही.

मग मी त्या ओळीच्या वर चार ओळी लिहिल्या. आता आलेल्या प्रत्येक फोटोला प्रोग्रॅम आपला एक आकडा देतो, नाव नुसतं बाजूला लिहून ठेवतो. जगात कितीही मालक येवोत, कुणी कुणाच्या पाटावर बसू शकत नाही. अर्ध्या तासाचं काम होतं. ह्यांची टीप मी पुसली नाही.

बाजारच्या दिवशी ती आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत पिशवी, तिच्यात रुमाल, रुमालात पास. मी भिंग लावलं. रोजच्या ओल्या गंधाने आणि पुसण्याने चेहरा पार गेला होता. कपाळापासून गळ्यापर्यंत पांढरा कागद, कडेला थोडा पिवळा. ज्याच्यावर इतकी माया त्याचंच तोंड तिच्या बोटाने पुसलं होतं, आणि हे तिला माहीत होतं, कारण ती माझ्याकडे न बघता काउंटरच्या लाकडाकडे बघत होती.

"मावशी, चित्रकाराकडून काढून घेऊ का?" चाचांनी विचारलं. "तुम्ही सांगाल तसं काढेल."

"नगं," ती म्हणाली. "मंग ते दुसऱ्याच कुनाचं व्हईल." मग तिने पासावर बोट ठेवलं, चेहऱ्याला न लागेल असं. "ह्यो खांदा हाय न्हवं? शिक्क्याचा. त्यो मोटा करून द्या. पोरीला खांदाच आठवतोय."

मी स्कॅन केलं. पडद्यावर खांदा मोठा झाला. शर्टाची शिवण दिसली, तिच्यावर एसटीचा अर्धा गोल शिक्का, आणि अक्षरं पुसट, तरी 'वेल्हे' वाचता येत होतं. तिने तेव्हा ह्यांना पुसू दिला नव्हता तो हाच शिक्का. चाचा चष्मा काढून बाहेर गेले.

कर्सर चौकटीत लुकलुकायला लागला. आता नावाची गरज नव्हती, आकड्यावर भागत होतं. मी रिकामंच पुढे जाणार होते, पण चौकट भरायची अट ह्यांची होती आणि ती काढायचं मी विसरले होते.

"नाव मागतंय," मी म्हटलं. "मालकच टाकते."

"नगं," ती म्हणाली. "मालक लई झाले."

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. दुकानात आम्ही दोघीच होतो, तरी तिने दाराकडे बघितलं, मग भिंतीवरच्या ह्यांच्याकडे. आणि तिने नाव घेतलं. उखाणा नाही, काही नाही, नुसतं नाव. इतक्या वर्षांत ते तोंडात कधी आलं नव्हतं, त्यामुळे मधल्या अक्षरावर ती अडखळली आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाली. मग आडनावासकट म्हणाली.

मी टाइप केलं, बटण दाबलं. थोडा वेळ काही झालं नाही, मग ती ओळ आली.

"काय लिवलंय?" तिने विचारलं.

मी वाचून दाखवलं. तिने मान डोलावली आणि पास रुमालात गुंडाळला.

ते नाव मी इथे लिहीत नाही. ते तिने फाईलसाठी सांगितलं होतं.